वाढदिवस, पत्ता आणि जपानी लायसन्स

जपानमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसाला काही तारखा तोंडपाठ असतात. व्हिसा कधी संपतो, पासपोर्ट कधी संपतो, घराचा करार कोणत्या महिन्यात वाढवायचा आहे, हे सगळं ठाऊक असतं. लायसन्सची तारीख मात्र विचारली की बहुतेकजण पाकीट उघडून बघतात. याचं कारण साधं आहे. व्हिसाची आठवण कंपनी करून देते, घराच्या कराराची एजंट. लायसन्ससाठी पोलिसांकडून एक पोस्टकार्ड येतं, तेवढंच. ते आलं नाही, किंवा जपानी जाहिरातींच्या गठ्ठ्यात कचऱ्यात गेलं, तर दुसरं कुणी सांगायला येत नाही. आणि मुदत उलटल्यावर गाडी चालवली, तर कायद्याच्या दृष्टीने ते विनापरवाना चालवणंच ठरतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. शिवाय परवान्यावर २५ पॉइंट चढतात आणि तेवढे चढले की परवाना रद्द होतो.

म्हणून हा लेख. टोकियोच्या निशी-कासाई भागातली आपली बरीच मंडळी गाडीशिवाय सहज राहतात, पण आइची, शिझुओका, गुन्मा अशा ठिकाणी कारखान्यांच्या कामावर आलेल्यांचं गाडीवाचून पान हलत नाही. पुणे-चाकणच्या वाहन उद्योगातून तिकडे आलेल्या कुटुंबांत मुलांची शाळा, दवाखाना, वाणसामान सगळं गाडीवर चालतं. तिथे लायसन्स बंद पडणं म्हणजे घरच बंद पडणं.

पहिली गोष्ट नीट समजून घ्या. जपानी लायसन्सचा तुमच्या व्हिसाच्या मुदतीशी संबंध नाही. अमेरिकेतून इकडे आलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो, कारण तिथे परदेशी माणसाच्या लायसन्सची मुदत सहसा त्याच्या राहण्याच्या परवानगीला बांधलेली असते. व्हिसा वाढला की मागोमाग लायसन्स. जपानमध्ये लायसन्स चालतं तुमच्या वाढदिवसावर. ज्या वर्षी नूतनीकरण असेल, त्या वर्षी वाढदिवसाच्या एक महिना आधीपासून एक महिना नंतरपर्यंत, असे दोन महिने मिळतात. वाढदिवस १० ऑगस्टचा असेल तर १० जुलै ते १० सप्टेंबर. लायसन्सवर छापलेली मुदत हीच शेवटची तारीख असते, म्हणजे या उदाहरणात १० सप्टेंबर. शेवटचा दिवस कार्यालयाच्या सुट्टीचा निघाला तर पुढचा कामाचा दिवस धरतात. वर्षअखेरीस २९ डिसेंबर ते ३ जानेवारी सरकारी कामकाज बंद असतं, तेव्हा नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला जन्मलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. पण या सवलतीच्या भरवशावर बसू नका. का, ते पुढे डोळ्यांच्या तपासणीत येईल.

ही तारीख लायसन्सवर रंगीत पट्ट्यात छापलेली असते आणि त्या पट्ट्याचा रंगच तुमची कुंडली सांगतो. पहिलं लायसन्स हिरव्या पट्ट्याचं. पहिल्या नूतनीकरणानंतर निळा, तीन वर्षांसाठी. पाच वर्षांहून जास्त काळ लायसन्स असेल आणि पाच वर्षांत एकही नियमभंग किंवा अपघात नसेल तर सोनेरी, पाच वर्षांसाठी. त्या काळात तीन पॉइंटांपर्यंतचा एखादाच किरकोळ नियमभंग असेल तर पट्टा निळाच राहतो, पण मुदत पाच वर्षं मिळते. त्याहून जास्त झालं की पुन्हा तीन वर्षं. या हिशोबासाठी वाढदिवसाच्या चाळीस दिवस आधीपर्यंतची पाच वर्षं बघतात. त्यानंतर झालेली चूक या खेपेला धरत नाहीत, पुढच्या खेपेला धरतात. वयाच्या सत्तरीनंतर मुदत कमी होते आणि वेगळं प्रशिक्षणही लागतं. आईवडिलांपैकी कुणी इथलं लायसन्स बाळगत असेल तर तो विचार स्वतंत्रपणे करावा.

आता पोस्टकार्ड. ते साधारण वाढदिवसाच्या महिनाभर आधी येतं आणि पोलिसांकडे नोंदलेल्या पत्त्यावर येतं. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गडबड इथे होते. घर बदललं की आपण चौदा दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन झाइर्यू कार्डावर, म्हणजे निवास कार्डावर, नवा पत्ता लिहून घेतो, कारण ते केलं नाही तर व्हिसाला त्रास होतो हे सगळ्यांना माहीत असतं. तिथून बाहेर पडताना पत्त्याचं काम संपलं असं वाटतं. लायसन्सचा पत्ता मात्र जुनाच राहतो. तो बदलायला पोलीस स्टेशनात वेगळं जावं लागतं. काम छोटं आहे: लायसन्स आणि नवा पत्ता दाखवणारं कागदपत्र द्यायचं, एक अर्ज भरायचा, की मागच्या बाजूला नवा पत्ता छापून मिळतो. पैसे लागत नाहीत. न केल्यास मात्र कायद्यात वीस हजार येनपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडापेक्षाही मोठं नुकसान हे की पोस्टकार्ड जुन्या घरी जातं आणि तिथे राहायला आलेला माणूस ते टाकून देतो. घर बदलाल त्याच आठवड्यात वॉर्ड ऑफिस आणि पोलीस स्टेशन, दोन्ही कामं करा, इतकंच माझं कळकळीचं सांगणं आहे. कंपनीच्या घरातून कंपनीच्याच दुसऱ्या घरात गेलात, तरीही.

पोस्टकार्ड हरवलं म्हणून नूतनीकरण अडत नाही. लायसन्स आणि ओळखपत्र घेऊन गेलात तरी काम होतं. पण त्या कार्डावर तीन उपयोगी गोष्टी असतात: तुम्ही कोणत्या वर्गात मोडता, कोणतं व्याख्यान किती वेळ बसून ऐकायचं, आणि कुठे कुठे जाता येईल. टोकियोत आधी वेळ घ्यावी लागते आणि त्यासाठी लागणारी माहितीही कार्डावरच असते. चार वर्ग आहेत. सोनेरीवाल्यांना तीस मिनिटांचं व्याख्यान, सर्वसाधारण वर्गाला एक तास, नियमभंगवाल्यांना दोन तास आणि पहिल्यांदा नूतनीकरण करणाऱ्यांनाही दोन तास. पहिली खेप असेल तर हातून काही गुन्हा झाला म्हणून जास्त बसवतात असं समजू नका, नियमच तसा आहे.

कुठे जायचं? टोकियोत फुचू, सामेझू आणि कोतो अशी तीन मोठी परवाना केंद्रं आहेत. निशी-कासाईच्या मंडळींना कोतोचं केंद्र सोयीचं: तोझाई लाइनवर तोयोचो स्टेशनला उतरा, निशी-कासाईपासून दुसरंच स्टेशन, आणि पुढे थोडं चालत. मोठ्या केंद्रावर नवं लायसन्स त्याच दिवशी हातात मिळतं. सोनेरी पट्टा असेल तर ठरावीक पोलीस स्टेशनांतही काम होतं, पण तिथे नवं कार्ड मिळायला बहुधा पुन्हा जावं लागतं. मोठी केंद्रं रविवारीही उघडी असतात म्हणून रविवारी झुंबड उडते. कामावरून अर्धा दिवस मिळत असेल तर मधल्या वारी जा. टोकियोबाहेर राहणाऱ्यांनी आपल्या प्रांताच्या पोलिसांची पानं बघावीत, कारण वेळ घेण्याची पद्धत, फोटो सोबत न्यायचा की तिथेच काढतात, व्याख्यान त्याच दिवशी की नंतर, हे प्रांतागणिक बदलतं. आइचीतल्या मित्राने सांगितलेलं सैतामात लागू पडेलच असं नाही.

सोबत न्यायच्या गोष्टी थोड्या आहेत: चालू लायसन्स, पोस्टकार्ड, झाइर्यू कार्ड, चष्मा आणि पैसे. साधं कार्ड हवं असेल तर नूतनीकरणाचे २,८५० येन, त्यावर व्याख्यानाची फी. ती सोनेरीवाल्यांना ५००, सर्वसाधारण वर्गाला ८००, उरलेल्या दोन्ही वर्गांना १,४०० येन. ही रक्कम २४ मार्च २०२५ पासूनची आहे.

तिथे पोचल्यावर एक प्रश्नपत्रिका भरायची असते. तिच्याकडे बरेच लोक दुर्लक्ष करतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पाच प्रश्न असतात आणि प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. गेल्या पाच वर्षांत आजारामुळे कधी शुद्ध हरपली का, शरीराचा एखादा भाग काही वेळ ताब्यात राहिला नाही असं झालं का, पुरेशी झोप होऊनही दिवसा काम करता करता आठवड्यातून तीनदा किंवा अधिक वेळा झोप लागली का, गेल्या वर्षभरात दिवसेंदिवस सलग पीत राहण्याचा प्रकार वारंवार झाला का, आणि डॉक्टरने गाडी चालवू नका असं सांगितलं आहे का. बरेचजण जपानी वाचता येत नाही म्हणून शेजाऱ्याचं बघून पाचही ठिकाणी ‘नाही’वर खूण करतात. असं करू नका. खोटं उत्तर हा गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड. आपल्यात मधुमेह घरोघरी आहे. इन्शुलिन घेताना साखर उतरून चक्कर आली असेल, फिट येण्याचा जुना त्रास असेल, घोरण्याच्या विकारामुळे दिवसा डोळा लागत असेल, तर हे प्रश्न तुमच्यासाठीच आहेत. ‘हो’ लिहिलं म्हणून कुणी जागेवर लायसन्स काढून घेत नाही. बोलावून विचारतात, डॉक्टरचं प्रमाणपत्र मागतात आणि मग ठरवतात. आजारामुळे परवाना रद्द झालाच, तरी तीन वर्षांच्या आत बरं होऊन आलात तर लेखी आणि चालवण्याची परीक्षा माफ असते. मनात शंका असेल तर नूतनीकरणाच्या दिवसाची वाट न बघता #८०८० या क्रमांकावर फोन करा. तो पोलिसांच्या सुरक्षित वाहनचालन सल्ला विभागाला लागतो. जपानी येत नसेल तर येणारं कुणी शेजारी बसवून करा, पण करा. हा प्रश्न तुमच्या लायसन्सपुरता नाही. तुमच्या गाडीत मुलं बसतात.

मग डोळे. साध्या मोटारीच्या परवान्यासाठी दोन्ही डोळ्यांनी मिळून ०.७ आणि प्रत्येक डोळ्याने किमान ०.३ दिसलं पाहिजे. आपल्याकडच्या ६/६ ला इथे १.० म्हणतात, म्हणजे अट फार कडक नाही. यंत्रात बघायचं आणि एका बाजूने तुटलेल्या वर्तुळाची फट कुठे आहे ते सांगायचं. वर म्हणजे उए, खाली म्हणजे शिता, उजवीकडे मिगी, डावीकडे हिदारी. हे चार शब्द पाठ करून जा. घाबरून उजवं-डावं उलटं झालं तर बोटाने दाखवा, चालतं. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्यांची नजर दोन खेपांमध्ये उतरलेली असते आणि ते इथे कळतं. नापास झालात तर काम त्या दिवशी थांबतं. चष्मा करून पुन्हा यायला सांगतात. शेवटच्या दिवशी जाऊ नका असं मघाशी म्हटलं ते यासाठी. चष्मा लावून तपासणी दिली तर लायसन्सवर तशी अट छापली जाते आणि मग चष्म्याविना गाडी चालवणं हाही नियमभंग होतो.

चार आकड्यांचे दोन पासवर्ड द्यावे लागतात. ते लायसन्सच्या चिपमधली माहिती वाचण्यासाठी असतात. तीनदा चुकीचा आकडा टाकला की चिप बंद होते. वाढदिवस किंवा १२३४ टाकू नका आणि मिळालेली चिठ्ठी लायसन्सच्याच पाकिटात ठेवू नका.

व्याख्यान जपानीत असतं. शेवटी परीक्षा नसते, पण झोपलेल्या किंवा फोन बघणाऱ्या माणसाला बाहेर काढू शकतात. भाषा कळत नसली तरी ते वाया घालवू नका. सोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत कायद्यातले ताजे बदल असतात. घरी आणून फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून तेवढी पानं तरी वाचा. दोन बदल प्रत्येकाला लागू आहेत. १ एप्रिल २०२६ पासून सायकलवाल्यांनाही, सोळा वर्षांवरील कुणालाही, मोटारीसारखी दंडाची पावती मिळण्याची व्यवस्था आहे. सायकल चालवताना फोन हातात धरला तर बारा हजार येन. आणि १ सप्टेंबर २०२६ पासून मधली रेषा नसलेल्या, घरांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर, पाटी नसली तरी, साठऐवजी ताशी ३० किलोमीटरची मर्यादा. निशी-कासाईच्या गल्ल्यांत मुलं सायकलवरून अचानक पुढ्यात येतात. हा नियम येण्याआधीपासून पाळला तरी बिघडत नाही.

माय नंबर कार्डावर लायसन्स घ्यावं का?

२४ मार्च २०२५ पासून लायसन्सची माहिती माय नंबर कार्डाच्या, म्हणजे सरकारी ओळखपत्राच्या, चिपमध्ये घेता येते. तीन पर्याय आहेत: फक्त जुन्या पद्धतीचं कार्ड, फक्त माय नंबर कार्ड, किंवा दोन्ही. फक्त माय नंबर कार्डावर घेतलं तर फी कमी, २,१०० येन. दोन्ही ठेवली तर २,९५०. माय नंबर कार्डावर लायसन्स असलं की सोनेरी आणि सर्वसाधारण वर्गाला व्याख्यान घरी बसून ऑनलाइन ऐकता येतं, त्याची फी २०० येन. डोळे तपासायला आणि फोटोला मात्र जावंच लागतं. आणखी एक खरी सोय म्हणजे, फक्त माय नंबर कार्डच ठेवलं असेल आणि आधी तशी नोंद केली असेल, तर घर बदलल्यावर वॉर्ड ऑफिसात पत्ता बदलला की लायसन्सचा पत्ताही आपोआप बदलतो. वर मी ज्या दुहेरी फेरीवर एवढं लिहिलं, ती वाचते.

मग सगळ्यांनी तेच करावं का? जपानी माणसाला मी हो म्हटलं असतं. आपल्याला मात्र एक अडचण आहे. कायमच्या वास्तव्याची परवानगी नसलेल्या परदेशी माणसाचं माय नंबर कार्ड त्याच्या व्हिसाच्या मुदतीबरोबर संपतं. व्हिसा वाढून नवं झाइर्यू कार्ड मिळालं, तरी माय नंबर कार्डाची मुदत आपोआप वाढत नाही. वॉर्ड ऑफिसात जाऊन, तेही जुनी मुदत संपण्याआधी, वाढवून घ्यावी लागते. व्हिसाचा निर्णय लांबला असेल तर अर्जाची पावती दाखवून दोन महिने वाढवून मिळतात, पण त्यालाही आपणच जायचं. हे राहिलं तर कार्ड रद्द होतं, नव्याने अर्ज करावा लागतो, नवं कार्ड यायला आठवडे लागतात, आणि लायसन्सची नोंद त्या नव्या कार्डावर पुन्हा करून घ्यावी लागते. म्हणजे वाढदिवसावर निवांत चालणारं लायसन्स आपण हाताने नेऊन व्हिसाच्या तारखेला बांधतो. शिवाय माय नंबर कार्डाच्या दर्शनी बाजूला लायसन्सचं काहीच छापलेलं नसतं. फोनवर ॲपने वाचावं लागतं. जपानबाहेर गाडी भाड्याने घेताना मूळ लायसन्स दाखवा म्हटलं, तर काय दाखवणार?

माझं मत स्पष्ट आहे. एक किंवा तीन वर्षांच्या व्हिसावर असाल तर जुनं कार्ड ठेवा, किंवा शंभर येन जास्त देऊन दोन्ही ठेवा. मात्र दोन्ही ठेवल्यास पत्त्याची आपोआप बदलण्याची सोय मिळत नाही, पोलीस स्टेशनला जावंच लागेल. कायमचं वास्तव्य मिळालेल्यांनी, वारंवार घर बदलत असाल तर, फक्त माय नंबर कार्डाचा विचार जरूर करावा. पुढे मत बदललं तर पर्यायही बदलता येतो.

वाढदिवसाला भारतात असाल तर

लेकीचं बाळंतपण, वडिलांची शस्त्रक्रिया, कंपनीने सहा महिन्यांसाठी पुण्याला परत पाठवणं. असं काही वाढदिवसाच्या आसपास आलं तर नूतनीकरण मुदतीआधी करता येतं. परदेशी जाणार असल्याचं दाखवणारा पासपोर्ट, तिकीट वगैरे नेलं की परवाना केंद्रावर आधीच नवं लायसन्स देतात. मुदत थोडी कमी मिळते, कारण मोजणी लवकर सुरू होते. तेवढं सोसावं. जायच्या तयारीत जिथे दहा कामं आहेत, तिथे हे अकरावं धरा.

आणि जमलंच नाही, परत येईपर्यंत मुदत उलटून गेली, तर घाबरू नका, पण गाडीलाही हात लावू नका. मुदत संपून सहा महिन्यांच्या आत असाल तर परीक्षा नाही. डोळ्यांची तपासणी आणि व्याख्यान झालं की लायसन्स मिळतं. कारण सबळ असेल, म्हणजे परदेशात होतात किंवा रुग्णालयात होतात, तर सहा महिने उलटले तरी तीन वर्षांपर्यंत ही माफी टिकते, अट अशी की ते कारण संपल्यापासून, म्हणजे जपानमध्ये परतल्यापासून, एका महिन्याच्या आत अर्ज करायचा. सबळ कारण असेल तर सोनेरी पट्ट्याचा इतिहासही तुटत नाही. कारण नसेल, नुसता विसर पडला असेल, तर सहा महिन्यांच्या आतही तो इतिहास तुटतो. सहा महिने ते वर्ष या काळात फक्त शिकाऊ परवान्याच्या परीक्षा माफ होतात, पुढची लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते. वर्ष उलटलं की सगळं पहिल्यापासून. ड्रायव्हिंग स्कूलचा खर्च सहज तीन लाख येनांच्या घरात जातो.

परदेशात होतो हे सिद्ध कशाने करणार? पासपोर्टवरच्या शिक्क्यांनी. आणि इथे एक बारीक गोष्ट आहे. झाइर्यू कार्ड असलेली माणसं विमानतळावर नोंदणी करून स्वयंचलित गेटमधून जाऊ शकतात, आणि त्या गेटमधून गेलं की शिक्का बसत नाही. गेट ओलांडल्यावर तिथल्या अधिकाऱ्याकडे मागितला तर शिक्का मिळतो. लायसन्सची मुदत जवळ आली असेल त्या वर्षी, जाताना आणि येताना दोन्ही वेळा, तो मागून घ्या. पुढे शिक्का नसल्याने अडलं तर इमिग्रेशनकडून प्रवासाची नोंद मागवता येते, पण त्यात जो वेळ जातो तो त्या एका महिन्यातूनच जातो.

‘बंद पडलं तर पडू दे, भारतातलं लायसन्स आहे ना, ते पुन्हा जपानी करून घेईन,’ असंही ऐकायला येतं. त्यांना एवढंच सांगायचं आहे की तो रस्ता आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. परदेशी लायसन्स जपानी करून घेताना काही देशांच्या लायसन्सधारकांना परीक्षा माफ असते, भारत त्यात नाही. १ ऑक्टोबर २०२५ पर्यंत लेखीत दहा प्रश्न होते आणि सात बरोबर आले की पुरायचं. आता पन्नास प्रश्न असतात, पंचेचाळीस बरोबर यावे लागतात. चालवण्याची परीक्षाही अवघड झाली आहे. पादचारी ओलांडपट्टी आणि रेल्वे फाटकाशी कसं वागता तेही बघतात.

दुसरी समजूत याहून घातक आहे: सुट्टीला घरी जाऊ, आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणू आणि वर्षभर चालवू. जपानमध्ये राहण्याची नोंद असलेला माणूस बाहेर जाऊन तीन महिन्यांच्या आत परत आला, तर त्या परवान्यावर त्याला इथे गाडी चालवता येत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीतून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानच्या रस्त्यावर कागदाचा तुकडा आहे. पोलिसाने पासपोर्ट तपासला की परतल्याची तारीख दिसते आणि प्रकरण विनापरवान्याचं होतं. अपघात झाला असेल तर स्वतःच्या गाडीचा विमाही मिळत नाही. हे सगळं पुढे कायमच्या वास्तव्याच्या अर्जाला आडवं येतं, कारण तिथे वागणूक बघतात. नागरिकत्वाच्या अर्जाला तर गाडी चालवण्याच्या नोंदींचं प्रमाणपत्रच जोडावं लागतं.

उलट दिशेने मात्र सोय आहे. जपानी लायसन्सवर इथल्या परवाना केंद्रातून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, तो एक वर्ष चालतो आणि भारतात मान्य आहे. तो मूळ लायसन्सवर उभा असतो, म्हणून लायसन्सची मुदत संपायला आली असेल तर आधी नूतनीकरण करा, मग आंतरराष्ट्रीय परवाना काढा.

भारतातलं लायसन्सही चालू ठेवायचं असेल तर त्याची तारीख याच वेळी बघून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशी ते पन्नाशीत काढलेलं किंवा नूतनीकरण केलेलं लायसन्स दहा वर्षांचं असतं. मुदतीच्या आधी एक वर्ष आणि नंतर एक वर्ष नूतनीकरण करता येतं. नंतरचं वर्षही उलटलं तर तिथेही चालवण्याची परीक्षा आहे. नूतनीकरणाची नोंद परिवहन विभागाच्या पोर्टलवर आधी करून ठेवता येते. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्रही लागतं, तेव्हा सुट्टीतला एक सकाळचा वेळ त्यासाठी राखून ठेवा.